बुक्का लावायची वेळ

१९७९ च्या जुलैत सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात मी इतिहासाचा पहिला तास घेतला. एफ. वाय.चा वर्ग. पावसामुळे खिडक्या लावून घेतलेल्या, ओल्या छत्र्या मागच्या भिंतीला टेकवलेल्या, बाकांवर शंभरावर मुलं. मी एम. ए.च्या वेळची वही काढली आणि सांगायला लागले. सांगायला म्हणजे वाचायलाच. मुलं लिहायला लागली. मधूनच एखादा हात वर व्हायचा, "मॅडम, शेवटची ओळ परत सांगा," मी परत सांगायची. पंचेचाळीस मिनिटं वर्गात दुसरा आवाज नव्हता. घंटा झाली तेव्हा मला वाटलं, तास चांगला झाला.

घरी आप्पा, म्हणजे माझे आजोबा, ओसरीवर सुपारी कातरत बसले होते.

"काय सांगितलंस आज?"

"इंग्रजांची महसूल पद्धत."

"मग पोरं काय म्हणाली?"

"काही नाही. लिहून घेत होती."

आप्पांनी अडकित्ता खाली ठेवला. "तुझ्या तोंडाकडे कोण कोण बघत होतं?"

मला सांगता येईना. मी स्वतःच मान वर केली नव्हती.

आप्पा कीर्तनकार होते. वाईपासून कराडपर्यंत कृष्णाकाठच्या गावांतून, रामनवमी, दत्तजयंती, हनुमानजयंती अशा उत्सवांना पन्नासएक वर्षं त्यांनी नारदीय कीर्तनं केली. शाळा चौथीपर्यंत. त्या संध्याकाळी त्यांनी मला एवढंच म्हटलं, की येत्या एकादशीला चल माझ्याबरोबर, आणि माझ्याकडे बघू नकोस, लोकांकडे बघ. लहानपणापासून मी त्यांची कीर्तनं ऐकली होती, पण श्रोत्यांकडे तोंड करून कधी बसले नव्हते. त्या रात्री खांबाला टेकून, पेटीवाल्याच्या मागे बसले आणि पहिल्यांदा पाहिलं की कीर्तन चालतं कसं.

नमन झालं. अभंग लावला. आप्पांनी त्यातला एकच शब्द धरला आणि निरूपण सुरू केलं. एकच गोष्ट सांगायची होती त्यांना, पण ती ते चार बाजूंनी सांगत होते: एकदा संतांच्या ओवीतून, एकदा संस्कृत श्लोकातून, एकदा गावच्या पाटाच्या पाण्यावरून झालेल्या भांडणातून, आणि एकदा नुसतं चिपळ्या थांबवून. पुढे बसलेल्या बाया सरसावून बसल्या. मागे पारावर विड्या ओढणारे चौघे उठून आत आले. साधारण पाऊण तास झाला आणि मला दिसलं की एक म्हातारा पाय चोळायला लागला, एका बाईने मांडीवरचं पोर दुसऱ्या मांडीवर घेतलं. बरोबर त्याच वेळी आप्पांनी पूर्वरंग, म्हणजे निरूपणाचा पहिला भाग, संपवला. नामाचा गजर झाला. गावच्या पुजाऱ्याने बुवांना हार घातला, बुक्का लावला आणि मग बुक्क्याची वाटी श्रोत्यांतून फिरली. लोक हलले, खोकले, शेजाऱ्याशी दोन शब्द बोलले, पाणी प्याले. जे ऐकलं त्याबद्दलच बोलत होते. "पाटाच्या पाण्याचं त्यांनी कुणाला म्हटलं कळलं का रं?" असं माझ्या कानावर आलं. मग उत्तररंगाला आख्यान लागलं, आणि पूर्वरंगात जे सांगितलं होतं तेच आता हरिश्चंद्राच्या अंगाने, त्याच्या बायकोच्या आणि पोराच्या अंगाने घडताना लोकांनी पाहिलं.

परत येताना बैलगाडीत आप्पा म्हणाले, "बुक्का कधी लावायचा हे ज्याला कळलं त्याला कीर्तन कळलं."

पुढे तेहतीस वर्षं मी शिकवलं. माझा विषय इतिहास, त्यामुळे वर्गात उभं राहून बोलण्याचा हा जो आमचा धंदा आहे त्याचाही इतिहास मी जमेल तसा धुंडाळत राहिले. आमच्याकडे तो तीन वाटांनी आला. एक पुराणिक. तो बसतो, पुढ्यात पोथी, मूळ वाचायचं आणि अर्थ सांगायचा. युरोपातल्या जुन्या विद्यापीठांत अध्यापकाचं काम हेच होतं; लेक्चर या शब्दाचं लॅटिन मूळच 'वाचणे' असं आहे, कारण छापखान्याआधी पुस्तक एक आणि ऐकणारे अनेक. दुसरा प्रवचनकार, तोही बसूनच बोलतो, पण पोथी सोडून पुष्कळ लांब जाऊ शकतो. आणि तिसरा कीर्तनकार. तो उभा राहतो, गातो, नाचतो, आणि समोरच्याचा चेहरा वाचतो. मी पहिल्या दिवशी वर्गात गेले ती पुराणिक म्हणून. पुराणिकाचंही काही वाईट नाही. पंडिता रमाबाईंचे आईवडील तीर्थक्षेत्रं हिंडत पुराणं सांगूनच पोट भरत होते, आणि त्या मुशीतून घडलेल्या रमाबाई १८८२ मध्ये पुण्यात आल्या तेव्हा त्यांचं बोलणं ऐकायला घराघरांतल्या बायका जमायला लागल्या. पण रमाबाईंना पोथी पाठ होती. त्यांचे डोळे मोकळे होते.

माझे डोळे वहीत अडकले, त्याला माझ्या अननुभवाइतकंच आणखी एक कारण होतं, आणि ते शंभर वर्षांपूर्वीचं होतं.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झालं ते लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. म्हणजे विद्यापीठाने स्वतः शिकवायचं नाही. शिकवायचं संलग्न कॉलेजांनी. विद्यापीठाने अभ्यासक्रम ठरवायचा, परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची. शिकवणारा एक, प्रश्नपत्रिका काढणारा दुसरा. ही एक गोष्ट नीट ध्यानात घेतली तर आमच्या कॉलेजांत पुढे जे झालं ते सगळं उलगडतं. प्राध्यापक कितीही जीव तोडून बोलला तरी मुलाच्या मनात प्रश्न एकच, की विद्यापीठाचा परीक्षक हे विचारेल का? मग जे विचारलं जाईल ते लिहून द्या, एवढीच मागणी उरते. तिथून नोट्स आल्या, गाइडं आली, आणि 'तास घेणं' म्हणजे 'टिपणं देणं' होऊन बसलं. वर्गात मला तेहतीस वर्षांत सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न, "मॅडम, हे परीक्षेला आहे का?" मुलांचा मला कधी राग आला नाही. बाप दुसऱ्याच्या रानात राबतो, पोरगं एस. टी.ने चौदा मैलांवरून येतं, त्याने पास होण्याचा विचार करायचा नाही तर कुणी करायचा?

पण त्याच विद्यापीठातून १८६२ साली बी. ए.च्या पहिल्या तुकडीत जे चौघे बाहेर पडले त्यांत महादेव गोविंद रानडे होते, आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. रानडे १८७१ मध्ये न्यायखात्यात पुण्याला आले. परीक्षेपुरती विद्या पुरत नाही हे त्यांनी आतून पाहिलेलं होतं. १८७५ साली त्यांच्या पुढाकाराने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. इथे परीक्षक नव्हता. हजेरी नव्हती. कुणी उठून गेला तर त्याला अडवणारं कोणी नव्हतं, आणि म्हणूनच बोलणाऱ्याला समोर बघणं भाग होतं. वक्तृत्वाला उत्तेजन द्यायला सभा निघाली, तिचं नावच वक्तृत्वोत्तेजक सभा. त्याच साली स्वामी दयानंद पुण्यात आले आणि त्यांनी पंधरा व्याख्यानं दिली. ते हिंदीत बोलले, ऐकणाऱ्यांनी मराठीत टिपणं घेतली, ती छापली गेली. आमच्या वर्गातल्या मुलांनी घेतलेल्या टिपणांशी ही ताडून पाहिली की फरक कळतो. तिथे परीक्षेसाठी कुणी लिहून घेत नव्हतं.

ते व्याख्यानांचं पुणं आता जितकं आठवलं जातं तितकं त्याच साली पुण्यापासून थोड्याच अंतरावर काय चाललं होतं ते आठवलं जात नाही. त्याकडे मी येणारच आहे.

फर्ग्युसन कॉलेज १८८५ साली निघालं तेव्हा तिथे शिकवायला उभे राहिलेले लोक सगळे तरुण होते. टिळक गणित शिकवायचे. गणितं तोंडी सोडवायचे, फळ्यावर पायऱ्या मांडायचा त्यांना कंटाळा, असं त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवलं आहे. बुद्धिवान मुलं खूश असत. बाकीच्यांना दम लागायचा. गोखले त्याच्या अगदी उलट. कोणताही विषय गळ्यात पडला तरी ते शिकवायचे, गणित, इंग्रजी, इतिहास, आणि त्यासाठी पुस्तकंच्या पुस्तकं पाठ करायचे. मी दोघांपैकी गोखल्यांच्या बाजूची आहे. वर्गात डोळे मोकळे ठेवायचे असतील तर आदल्या रात्री घरी मान मोडून बसावं लागतं, याला दुसरा इलाज नाही. आप्पा कीर्तनाच्या दिवशी दुपारी झोपत नसत. तुळशीपाशी येरझाऱ्या घालत ओठांतल्या ओठांत आख्यान म्हणत. इतक्या वर्षांचं पाठ असून.

मुंबईत सिडनहॅम कॉलेजात नोव्हेंबर १९१८ ला डॉ. आंबेडकर अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले. सुरुवातीला मुलांनी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही, हा काय शिकवणार, असा भाव होता. थोड्याच दिवसांत दुसऱ्या कॉलेजांतली मुलं परवानगी काढून त्यांच्या तासाला येऊन बसू लागली. १९२० च्या मार्चमध्ये त्यांनी नोकरी सोडली आणि पुढे ते पुन्हा लंडनला शिकायला गेले, म्हणजे नोकरी सगळी मिळून दीड वर्षाच्या आतबाहेर. दीड वर्षात एका वर्गाचा भाव असा फिरवायचा, तोही जिथे शिक्षकांच्या खोलीतलं पिण्याचं पाणी वेगळं ठेवायची भाषा होत होती अशा ठिकाणी. मी दरवर्षी एस. वाय.च्या वर्गात हे सांगायची, आणि सांगताना माझा आवाज भरून यायचा. तो मी कधी लपवला नाही.

व्याख्यानमाला पुढे गावोगाव गेल्या. तालुक्याच्या नगरवाचनालयात, गणपतीत, शाळेच्या पटांगणात. विद्यापीठांच्या बहिःशाल मंडळांनी प्राध्यापकांना खेड्यांवर धाडलं. मीही गेले आहे, भुईमुगाच्या पोत्यांवर बसलेल्या लोकांपुढे बोलले आहे. फलटणच्या मुधोजी कॉलेजचे शिवाजीराव भोसले, वणीचे राम शेवाळकर, नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे नरहर कुरुंदकर, ही माणसं मुळात वर्गात शिकवणारी, आणि महाराष्ट्राने त्यांना ऐकलं ते मंडपात. शेवाळकरांच्या व्याख्यानांच्या कॅसेट लोक घरी लावून ऐकत. कुरुंदकर १० फेब्रुवारी १९८२ ला औरंगाबादला व्यासपीठावरच गेले. वय पन्नाशीच्या आत. ती बातमी आली त्या दिवशी आमच्या स्टाफरूममध्ये कुणी चहा घेतला नाही.

पण मंडप भरत होते आणि वर्ग रिकामे होत होते, हे दोन्ही एकाच वेळी चालू होतं. तेच मला खात होतं.

मग मी आप्पांचा बुक्का वर्गात नेला. खरोखरचा नव्हे, पण वेळ तीच. तासाची पंचेचाळीस मिनिटं मी तोडली. पहिली वीस मिनिटं पूर्वरंग: एकच गोष्ट, चार बाजूंनी. मग पाच-सात मिनिटं मी गप्प. मुलांनी शेजाऱ्याशी बोलायचं, मी दिलेल्या एका प्रश्नावर. राहिलेल्या वेळात आख्यान. पहिल्या वर्षी शेजारच्या वर्गावरून तक्रार गेली की मॅडमच्या वर्गात गोंगाट असतो. मला बोलावून समज दिली गेली. मी वेळ बदलली नाही.

सगळ्यांत चांगला बसला तो १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांचा तास. तो मी कसा घ्यायची ते सांगते.

वर्गात शिरल्यावर हजेरी घेतली की मी विचारायची, "तुमच्या घरात कुणाचं देणं आहे, ते मला सांगू नका. पण देण्याचा कागद कुठे ठेवलेला असतो, ते कुणाला माहीत आहे?" हशा व्हायचा, मग शांतता. मग एखादा पोरगा म्हणायचा, "आमच्यात नसतो मॅडम. तो त्याच्याकडं असतो." झालं. तासाचा शब्द मिळाला. कागद त्याच्याकडे असतो.

तिथून मी मागे जायची. १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस इंग्लंडला मिळेना, इकडच्या कापसाचे भाव चढले. सावकार दारात येऊन कर्ज देऊ लागला. १८६५ ला युद्ध संपलं, भाव पडले, सावकाराने हात आखडला. तेवढ्यात सरकारने जमिनीची नवी आकारणी केली, सारा वाढला. सारा रोख भरायचा, वेळेवर भरायचा. पैसा कुणाकडे? सावकाराकडे. कर्जखत लिहिणार कोण? तोच. वाचता कुणाला येतं? त्यालाच. फळ्यावर मी फक्त चार आकडे लिहायची, चार सालं. बाकी सगळं तोंडी, हळू, त्यांच्या तोंडाकडे बघत. खिडकीपाशी बसणाऱ्या मुली पदराशी चाळा थांबवायच्या, ती माझी खूण. मग मी थांबायची आणि प्रश्न टाकायची: तुम्ही त्या गावात असता, हातात काही नाही, तर काय केलं असतं? बोला एकमेकांशी.

त्या पाच मिनिटांत मी काय काय ऐकलं आहे! सावकाराला मारायचा. गाव सोडायचं. सरकारकडे अर्ज करायचा. एकदा मागच्या बाकावरच्या एका मुलीने, जी वर्षभर बोलली नव्हती, हळूच म्हटलं, "कागद जाळायचा." सगळा वर्ग तिच्याकडे वळला. मी तिला पुढे बोलावलं आणि माझ्या जागी उभं केलं, आणि मग आख्यान लावलं.

शिरूर तालुक्यातलं करडे गाव. १८७४ च्या शेवटी तिथल्या लोकांनी सावकारावर बहिष्कार टाकला. त्याच्या दुकानात जायचं नाही, त्याचं काम करायचं नाही. मग १२ मे १८७५. भीमथडीतलं सुपे, बाजाराचं गाव. आसपासच्या खेड्यांतून माणसं जमली. त्यांनी सावकारांकडे मागितलं ते एकच: वह्या आणि कर्जरोखे. मिळाले ते जाळले. धान्याची दुकानं लुटली गेली, काही घरांना आगी लागल्या, पण माणसं मारण्यावर जोर नव्हता. लोकांचा डोळा कागदावर होता. वणवा नगर जिल्ह्यात गेला, तीसवर गावांत पसरला. सरकारने चौकशी आयोग नेमला, आणि १८७९ ला शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला.

इतकं सांगून मी त्या मुलीला जागेवर जायला सांगितलं. ती बसली, आणि वर्गाने टाळ्या वाजवल्या. तिला. परीक्षेत त्या वर्षी हा प्रश्न आला नाही. आणि मला अजूनही वाटतं की त्या वर्गातल्या एकाही मुलाला सुप्याची तारीख विसरणं शक्य नाही.

व्याख्यान मेलं, जुनं झालं, असं हल्ली प्रशिक्षण शिबिरांतून पुष्कळदा ऐकायला मिळतं. गट करा, प्रकल्प द्या, पडद्यावर दाखवा. मी हे सगळं केलं आहे आणि त्यातलं काही चांगलंही आहे. पण व्याख्यानावर जो आरोप होतो, की ऐकणारा नुसता बसून असतो, तो आमच्या परंपरेला लागू नाही. आमच्याकडे या कलेचा सर्वांत मोठा माणूस श्रोत्याला एक मिनिटही नुसतं बसू देत नव्हता.

गाडगेबाबांना मी पाहिलेलं नाही. ते २० डिसेंबर १९५६ ला गेले, माझ्या जन्माच्या जरा आधी. आप्पांनी त्यांना दोनदा ऐकलं होतं, आणि नारदीय परंपरेतला हा माणूस, ज्याला पूर्वरंग-उत्तररंगाची शिस्त प्राणापलीकडे, तो सांगायचा की गाडगेबाबांपुढे आमचं सगळं फिकं. कारण बाबा सांगतच नसत, विचारत. एक साधा प्रश्न, पाच हजार माणसांना. लोक एका आवाजात उत्तर देत. त्या उत्तरावर दुसरा प्रश्न. त्या उत्तरावर तिसरा. आणि सातव्या-आठव्या उत्तराला लोकांच्या लक्षात यायचं की कर्ज काढून सण करू नये, बोकड कापू नये, पोराला शाळेत घालावं, हे बाबांनी म्हटलंच नाही, ते आपणच आपल्या तोंडाने म्हणून बसलो. आप्पा म्हणायचे, "दुसऱ्याने सांगितलेलं माणूस विसरतो. स्वतःच्या तोंडून गेलेलं कसं विसरेल?"

१९५६ सालीच मुंबईत वांद्र्याला केलेलं त्यांचं एक कीर्तन ध्वनिमुद्रित झालेलं आहे. निवृत्त व्हायच्या आदल्या वर्षी, २०११ ला, मी ते टी. वाय.च्या वर्गात लावलं. विषय होता समाजसुधारणा. बावीस मुलं होती. संगणकाला जोडलेले दोन छोटे स्पीकर टेबलावर ठेवले, पंखे बंद केले, कारण ध्वनिमुद्रण खरखरीत आहे आणि बाबांचा आवाजही वऱ्हाडी, घोगरा. आमच्या मुलांना सुरुवातीला शब्द लागेनात. दोघे-तिघे खाली मोबाइल बघत होते, ते मी पाहिलं आणि काही बोलले नाही. बाबांनी पहिला प्रश्न विचारला. फितीतल्या गर्दीने उत्तर दिलं. दुसरा प्रश्न. गर्दीचं उत्तर. मी टेबलाच्या कडेला टेकून मुलांच्या तोंडांकडे बघत होते. चौथा की पाचवा प्रश्न असेल. पंचावन्न वर्षांपूर्वीच्या वांद्र्याच्या माणसांनी तोंड उघडलं, आणि त्यांच्याबरोबर, कुणी न सांगता, माझ्या समोरच्या बाकांवरून बावीस आवाज आले.